नागपूरकरांचा हवापालट

नागपूरच्या माणसाला बर्फी ठाऊक, बर्फ ठाऊक नाही. संत्र्याची बर्फी तो पाहुण्यांना आग्रहाने देतो, परगावी जाताना डबा भरून नेतो. पण आभाळातून भुरभुरत उतरणारा बर्फ पाहायचा तर त्याला हजारएक मैलांची वाट तुडवावी लागते. आमच्या घरातील नातवंडांनी ती वाट तुडवायचा चंगच बांधला आहे. एका हिवाळ्यात मनालीजवळचे सोलंग झाले, दुसऱ्या हिवाळ्यात गढवालातील औली झाली, आणि यंदा गुलमर्गचा बेत शिजतो आहे. दोन्ही पाय एकाच फळीला जखडून बर्फाच्या उतारावरून घसरत यायचे, असा हा खेळ. कोणत्या डोंगरावरचा बर्फ मऊ, कोठला उतार सोपा, कोठे पडले तर कमी लागते, याची चर्चा चकल्या तळून होईपर्यंत चालली होती. मध्येच धाकटी नात मला म्हणाली, "आजोबा, तुमच्या आधीच्या लोकांना डोंगर आवडत नव्हते का हो? ते कुठेच कसे जात नसत?"

प्रश्न साधा होता. पण चकली हातात धरून मी विचारात पडलो. आमचे लोक कुठेच जात नसत, हे खरे नव्हे. नागपूर आणि डोंगर यांचे नाते फार जुने आहे. त्यात भक्ती आहे, लढाया आहेत, राजकारण आहे आणि थोडी चुटपूटही आहे. दिवाळीची सकाळ निवांत असते, म्हणून ती हकीगत येथे सांगतो.

उन्हाचे राज्य

डोंगराची ओढ का लागते, हे कळायला आधी नागपूरचा उन्हाळा भोगला पाहिजे. २३ मे २०१३ रोजी आमच्या गावचा पारा ४७.९ अंशांवर चढला होता. मेच्या अखेरीस रोहिणी नक्षत्र लागले की नवतपा सुरू होतो. त्या नऊ दिवसांत दुपारी रस्त्यावर कुत्रेही दिसत नाही. दाराखिडक्यांना वाळ्याच्या ताट्या बांधायच्या, त्यांवर पाणी शिंपडायचे, पन्हे प्यायचे, बाहेर पडताना डोक्याला दुपट्टा गुंडाळायचा आणि खिशात कांदा ठेवायचा, हा आमचा पिढ्यान्‌पिढ्यांचा बंदोबस्त. पुढे कूलर आले आणि ताट्यांचा वाळा त्यांच्या पोटात गेला, इतकाच काय तो फरक.

हा ताप सर्वांना सारखाच होता. पण त्यातून निसटण्याची सोय मात्र सर्वांना सारखी नव्हती. हवापालटाचा सगळा इतिहास या एका वाक्यात सामावलेला आहे.

आधी महादेव, मग हवा

नागपूरच्या उत्तरेस अडीचशे किलोमीटरांवर सातपुड्याच्या माथ्यावर पचमढीचे पठार आहे. समुद्रसपाटीपासून उंची साडेतीन हजार फूट. शेजारचे धूपगड हे तर साऱ्या सातपुड्याचे सर्वोच्च शिखर. आज आपण पचमढीला थंड हवेचे ठिकाण म्हणतो. परंतु विदर्भातील खेड्यापाड्यांतला माणूस 'पचमढीला जातो' असे म्हणत नसे, 'महादेवाला जातो' असे म्हणे, अजूनही म्हणतो. महाशिवरात्रीला नवसाचे त्रिशूळ खांद्यावर घेऊन हजारो माणसे चौरागडच्या हजाराहून अधिक पायऱ्या चढतात. कोणाचा त्रिशूळ वीतभर, तर कोणाचा इतका जड की चौघांनी मिळून उचलावा. माथ्यावर त्या त्रिशुळांचे रानच उभे आहे. नागपंचमीच्या सुमारास नागद्वारची यात्रा भरते. ऐन पावसाळ्यात, निसरड्या दगडांवरून, धुक्यातून आणि अरण्यातून ही माणसे डोंगरामागून डोंगर ओलांडतात. भस्मासुराच्या भयाने शंकर ज्या कपारींत दडला त्या याच, अशी त्यांची श्रद्धा.

म्हणजे उतारावरून पाय घसरण्याचा अनुभव आमच्या लोकांना नवा नाही. तेव्हा पायाखाली बर्फ नव्हता, चिखल होता, आणि फळीऐवजी खांद्यावर त्रिशूळ होता!

त्याहून मागे जायचे तर रामटेकला जावे लागेल. मेघदूतातील यक्ष जेथे वर्षभराची शिक्षा भोगत होता तो रामगिरी म्हणजे आपले रामटेक, असे महामहोपाध्याय वासुदेव विष्णू मिराशी यांनी प्रतिपादन केले. ते मान्य केले तर आषाढातील तो मेघ विदर्भातून निघाला, रेवा ओलांडून विदिशा आणि उज्जयिनी पाहून, कनखलावरून थेट कैलासाच्या अंगावरील हिमापर्यंत पोहोचला. नागपूर परिसरातून हिमालयाच्या सहलीस गेलेला पहिला प्रवासी तो मेघच म्हणायचा. त्यालाही वाटेत थांबत, एकेका डोंगरावर विसावा घेत जाण्याचा सल्ला मिळाला होता, हे आमच्या नातवंडांनी ध्यानात घ्यावे.

डोंगरात दडलेला राजा

काव्यातून इतिहासात उतरले की पचमढीच्या डोंगरात एक वेगळाच पाहुणा भेटतो. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ या दोन दिवशी सीताबर्डीच्या टेकडीवर भोसल्यांच्या फौजेची आणि इंग्रजांची लढाई झाली. भोसले हरले. आप्पासाहेब भोसल्यांना पुढे इंग्रजांनी कैद केले आणि पहाऱ्यात अलाहाबादेकडे रवाना केले. परंतु मे १८१८ मध्ये, जबलपूरच्या बाजूला मुक्काम असताना, पहाऱ्यावरचे शिपाई फितवून आणि शिपायाचाच वेष चढवून आप्पासाहेब निसटले. ते गेले कोठे? महादेवाच्या डोंगरात. तेथील गोंड सरदारांनी त्यांना आसरा दिला. नागपूरचा राजा पचमढीच्या दऱ्याखोऱ्यांत उन्हाळ्याचे शेवटचे दिवस, सारा पावसाळा आणि हिवाळा काढतो आहे, खाली मैदानात इंग्रजांच्या पलटणी वाटा रोखून बसल्या आहेत, असे ते दृश्य. हवापालटासाठी डोंगर चढणारे पुष्कळ. जीव वाचवण्यासाठी चढलेला नागपूरकर हा.

१८१९ च्या आरंभी ते तेथूनही निसटून अशीरगडाकडे गेले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अशीरगड पडला. मग फकिराच्या वेषात पंजाब, रणजितसिंहांचे लाहोर, तेथून हिमालयाच्या कुशीतील मंडी संस्थान, आणि अखेर जोधपूर. १८४० मध्ये जोधपुरातच त्यांचा अंत झाला. मनालीला जाणाऱ्या आमच्या गाड्या आज ज्या मंडी गावावरून जातात, त्या मुलखात दोनशे वर्षांपूर्वी नागपूरचा पदच्युत राजा आश्रयासाठी फिरत होता, ही गोष्ट गाडीच्या खिडकीतून सफरचंदांच्या बागा पाहताना कोणाच्या मनात येत असेल?

गाविलगडची सावली

दुसरा डोंगर चिखलदऱ्याचा. हा वऱ्हाडच्या माथ्यावर, मेळघाटात. भीमाने कीचकाला मारून ज्या दरीत टाकले तो कीचकदरा, त्याचाच पुढे चिखलदरा झाला, असे लोक सांगतात आणि भीमकुंडही दाखवतात. गावाच्या पलीकडेच गाविलगडाचा किल्ला पसरलेला आहे. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने तो सर केला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. दोनच दिवसांनी दुसऱ्या रघूजी भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला. कटक गेले, वर्धा नदीपलीकडचे वऱ्हाड गेले. गाविलगड आणि नरनाळा तेवढे हाती उरले, तेही पुढे गेले. हाच वेलस्ली नंतर ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि वॉटर्लूला त्याने नेपोलियनचा पाडाव केला.

किल्ला पडला आणि वीस वर्षांनी, १८२३ मध्ये, हैदराबादच्या पलटणीतला कॅप्टन रॉबिन्सन या पठारावर आला. येथील हवा त्याला मानवली. मग बंगले उठले, कॉफीची झाडे लागली, उन्हाळ्यात वऱ्हाडचे साहेब लोक वर येऊ लागले. ती कॉफी अजूनही चिखलदऱ्यात पिकते. मात्र १८५८ मध्ये तात्या टोपे इकडे वळला तर गाविलगडाचा आश्रय घेईल, या धास्तीने इंग्रजांनी किल्ल्याची तटबंदी निकामी केली. एका हाताने तट पाडायचे आणि दुसऱ्या हाताने बंगल्यांच्या भिंती उभारायच्या, असा त्यांचा रिवाज. पडक्या किल्ल्याशेजारी उभे राहून गार वारा खाताना हे आठवले की अंगावर येणारा शहारा केवळ थंडीचाच राहत नाही.

ती धास्ती खोटीही नव्हती. ऑक्टोबर १८५८ च्या अखेरीस तात्या टोपे नर्मदा ओलांडून सातपुड्यात शिरला होता. १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि पुढच्याच वर्षी डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले होते. ती आग अजून धुमसते आहे, नागपूर गाठले तर दक्षिण पेटेल, असा त्याचा हिशेब. पचमढीच्या परिसरातील भभूतसिंग या कोरकू सरदाराने त्याला साथ दिली. तात्या मुलताईपर्यंत आला. नागपूर तेथून हाकेच्या अंतरावर. पण वाट बंद झाली होती. भभूतसिंग त्यानंतरही डोंगरात झुंजत राहिला आणि १८६० मध्ये त्याला देहदंड झाला.

साहेबाचा उन्हाळा

मग कॅप्टन जेम्स फॉर्सिथ आला. प्रवाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकांत त्याने १८५७ मध्ये पचमढी 'शोधून काढली' असे छापलेले असते. परंतु १८५७ साली सातपुड्यात थंड हवा शोधत हिंडायला फुरसत असलेला इंग्रज सापडणे कठीण! १८६१ मध्ये नागपूर ही राजधानी धरून मध्य प्रांत तयार झाला. पुढच्या वर्षी रिचर्ड टेंपल मुख्य आयुक्त म्हणून आले आणि त्या सुमारासच फॉर्सिथची स्वारी पठारावर चढली. त्याने बांधलेला 'बायसन लॉज' हा १८६२ चा. आणि शोध कसला लावला? ज्या डोंगरावर कोरकू आणि गोंड राहत होते, जेथे विदर्भातील भाविक वर्षानुवर्षे त्रिशूळ घेऊन चढत होते, तो डोंगर हरवला होता कोठे? फॉर्सिथने आपल्या पुस्तकात यात्रेचे आणि यात्रेत पसरलेल्या पटकीचे वर्णन केले आहे. ते पुस्तक १८७१ मध्ये निघाले आणि त्याच वर्षी तो वारला. लेखणी त्याची रसाळ होती, अरण्यावर जीव होता, हे मान्य केले पाहिजे. पण शिकारही भरपूर होती.

१८६५ मध्ये पचमढीच्या पायथ्याचे बोरीचे जंगल राखीव झाले. देशातील पहिल्या राखीव जंगलांत त्याची गणना होते. साग वाचला, ही चांगली गोष्ट झाली; परंतु जंगल जाळून कोदो-कुटकी पेरणाऱ्या कोरकूंचा आणि गोंडांचा हात त्या दिवसापासून बांधला गेला. ज्याच्या डोंगरावर बंगला उभा राहिला तो बंगल्याचा चौकीदार झाला.

१८७० मध्ये इटारसीहून जबलपूरकडे जाणारा लोहमार्ग पुरा झाला. पिपरिया स्टेशनावर उतरून पन्नासएक किलोमीटरांचा घाट चढला की पचमढी. पुढे ती मध्य प्रांताची उन्हाळी राजधानीच झाली. ऊन तापू लागले की नागपूरच्या सचिवालयातील दप्तरे पेट्यांत भरली जात आणि सरकार डोंगरावर चढे. साहेबांबरोबर कारकून जात, खानसामे जात. आमच्या लोकांनी पचमढीची थंडी प्रथम बिऱ्हाडकरू म्हणून अनुभवली ती बहुधा अशी: हातात फायली आणि अंगात साहेबाच्या आज्ञेची धडकी. बाकीचे नागपूर खाली ताट्यांवर पाणी शिंपडत बसे.

१९०३ मध्ये वऱ्हाडही नागपूरच्या कारभाराखाली आले आणि पचमढी व चिखलदरा हे दोन्ही डोंगर एकाच सरकारच्या दारचे झाले. मूर्तिजापूरहून अचलपूरला जाणारी 'शकुंतला' ही छोटी गाडी रमतगमत चिखलदऱ्याच्या पायथ्याच्या बाजूस नेऊन सोडी. ती गाडी आता बंद पडली आहे. वऱ्हाडातील म्हाताऱ्या माणसांपुढे तिचे नाव काढावे, डोळे लकाकतात.

थंड हवेतले तापलेले राजकारण

थंड हवेत डोकी थंड राहतात, हा समज पचमढीने १९३८ मध्ये खोटा ठरवला. प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ होते आणि नागपूरचे डॉक्टर ना. भा. खरे त्याचे प्रमुख होते. मराठी विदर्भ आणि हिंदी महाकोशल यांची ओढाताण मंत्रिमंडळातच सुरू झाली. एका बाजूला खरे, दुसऱ्या बाजूला रविशंकर शुक्ल आणि द्वारकाप्रसाद मिश्र. मे महिन्यात सरकार पचमढीवर असताना सरदार पटेलांसह काँग्रेसचे श्रेष्ठी तेथे आले आणि समेट घडवला गेला. तो दोन महिनेही टिकला नाही. जुलैमध्ये खऱ्यांनी राजीनामा देऊन नवे मंत्रिमंडळ बनवले. वर्ध्याला भरलेल्या काँग्रेस कार्यकारिणीने ते नापसंत केले. खरे गेले आणि शुक्ल मुख्य झाले. चूक कोणाची, यावर नागपुरात पुढे अनेक वर्षे ओसरीवर भांडणे होत. पचमढीचा समेट पचमढीच्या धुक्यासारखाच ठरला. ऊन पडेपर्यंतच टिकला.

डोंगर दुरावला

खरी चुटपूट पुढेच आहे. १९५० नंतर नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली. विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, भोपाळ मध्य प्रदेशाची राजधानी झाले. मराठी माणसे एकत्र येणार, हा आनंद मोठा होता. वेगळा विदर्भ हवा होता त्यांचे दुःखही लहान नव्हते. या गडबडीत एक गोष्ट हळूच घडली. उन्हाळी राजधानी पलीकडे राहिली. चिखलदरा आपल्याकडे आला, पचमढी गेली. महादेव परराज्यात गेला!

नियतीचा विनोद असा की, ज्या नागपूरचे सरकार उन्हाळ्यात गारव्यासाठी पचमढीला पळत असे, त्याच नागपुरात आता हिवाळ्यात मुंबईचे सरकार येऊ लागले. १९५३ च्या नागपूर करारातील कलमाप्रमाणे वर्षातून एक अधिवेशन येथे भरू लागले आणि १९६० पासून हिवाळी अधिवेशन ही महाराष्ट्राची रीतच झाली. उन्हाळ्यात मात्र कोणी सरकार इकडे फिरकत नाही. नागपूर हे आता मंत्र्यांचे थंड हवेचे ठिकाण आहे म्हणा ना! आणि थंडीही अगदीच पोकळ नाही. २९ डिसेंबर २०१८ रोजी येथील पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. हुरड्याला आणि शेकोटीला तेवढी पुष्कळ झाली.

भाविकांनी मात्र ती राज्याची सीमा मानलीच नाही. नागद्वारच्या दिवसांत आजही नागपूरहून जादा गाड्या भरून सुटतात. नकाशावर रेघ ओढणाऱ्यांच्या हाती राजधानी होती, वाट नव्हती.

फळी आणि बर्फ

आता नातवंडांच्या फळीकडे येतो. बर्फावर दोन पट्ट्या बांधून घसरणे युरोपात फार जुने. गुलमर्गला इंग्रजांनी त्यासाठी १९२७ मध्येच क्लब काढला होता. एकाच फळीचा खेळ मात्र माझ्या डोळ्यांदेखत जन्मला. १९६५ च्या नाताळात अमेरिकेतील मिशिगन परगण्यात शर्मन पॉपेन नावाच्या गृहस्थाने मुलींना खेळायला म्हणून दोन पट्ट्या एकत्र जोडून दिल्या. ती घरगुती युक्ती १९९८ मध्ये जपानात नागानो येथील ऑलिंपिकपर्यंत पोहोचली. मुलांची करमणूक करताना बापाच्या हातून इतिहास घडला, याचे उदाहरण म्हणून दिवाळीत ते सांगण्यासारखे आहे.

नातवंडांचा अभिप्राय असा: सोलंगला पोहोचणे सोपे, पण गर्दी फार, औलीचा उतार देखणा आणि जोशीमठाहून जानेवारी २०२३ पर्यंत वर नेणारा सुमारे चार किलोमीटरांचा दोरीवरचा पाळणा त्याहून देखणा होता, गुलमर्गचा पाळणा तर सुमारे तेरा हजार फुटांवर नेऊन सोडतो, म्हणून तेथे जायचेच. मी ऐकून घेतले. पण दोन गोष्टी मीही त्यांना सांगितल्या. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठात घरांना भेगा पडल्या आणि कितीतरी कुटुंबांना राहती घरे सोडावी लागली. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार कोरडे पडले होते. बर्फ आला तो पुढे महिना उलटताना. आपण थंडीच्या मागे जितके वर चढतो, तितकी ती आणखी वर सरकते आहे. आणि ज्यांच्या डोंगरावर आपण चढतो त्यांची घरे खाली खचताहेत. पचमढीच्या कोरकूंची गोष्ट मी त्यांना उगाच सांगितली नव्हती.

नात काही वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग जाऊच नये का?"

जावे. अवश्य जावे. डोंगर पाहिल्याशिवाय माणसाच्या डोळ्यांना उंची कळत नाही. पण ज्याच्या दारी जातो त्याचे नाव विचारून जावे, आणि 'आम्ही हे ठिकाण शोधून काढले' असे परत येऊन सांगू नये.

ती हसली. गुलमर्गचा बेत कायम आहे. मात्र त्याआधी, दिवाळीच्या सुट्टीतच, सर्वांनी मिळून चिखलदऱ्याला दोन दिवस जायचे ठरले आहे. गाविलगड पाहायचा, तेथली कॉफी प्यायची. कडाक्याच्या थंडीत पहाटे सातपुड्याच्या माथ्यावर कधीकधी गवतावरचे दहिवर गोठते. तेवढा बर्फ आमच्या पिढीला पुरत असे. शिवरात्रीला महादेवाला जायचे मात्र मी स्वतःसाठी राखून ठेवले आहे. त्रिशूळ लहानच घेईन म्हणतो. पायऱ्या पुष्कळ आहेत.